राजा नसलेलं स्मारक

पाळटोलीच्या स्मारकावर पाहुणा आला, की आधी सपरीसमोर, म्हणजे पुढच्या ओसरीसमोर, अडखळतो. चपला काढाव्यात की नाहीत, ते त्याला कळत नाही. मग तो मातीच्या जाड भिंती बघतो, वरची कवेलू, म्हणजे कौलं, बघतो, कोठ्यात रवंथ करत बसलेल्या म्हशी बघतो आणि शेवटी विचारतो, "इथं राजा कोणता होता?"

राजा नव्हता. तलाव खोदणाऱ्या एका शेतकरी कुटुंबाचं ते घर आहे, आणि ते कुटुंब अजून तिथेच राहतं. हे सांगितल्यावर पाहुण्याचा चेहरा पडतो. काही जण तिथूनच परत फिरतात. थांबतात त्यांना मात्र संध्याकाळी हाकलावं लागतं.

मागच्या वर्षी मी निवृत्त झालो. नोकरीतलं काही लिहा असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, तेव्हा बायको म्हणाली, किल्ल्यांवर काढलेल्या वर्षांबद्दल लिहा, लोकांना किल्ले आवडतात. ती स्वतः अड्याळची, आणि अड्याळच्या माणसाला बाजारात काय खपतं ते बरोबर कळतं. तरी मी तिचं ऐकलं नाही. नोकरीतली बरीच वर्षं मी मोठमोठ्या दगडी वास्तूंवर घालवली, पण मला माणसांत आणलं ते या मातीच्या घराने.

माझा हुद्दा संवर्धन सहायक. नावावरून लोकांना वाटतं की हा हातात ब्रश घेऊन जमिनीतून मडकी काढत असणार. तसं काही नाही. जुन्या वास्तू सांभाळणारं केंद्र सरकारचं एक खातं आहे, त्यातला मी घरकाम करणारा माणूस. छत कुठे गळतंय, कुठल्या सांध्यात पिंपळाचं रोप उगवलंय, वटवाघळांनी कुठला कोपरा धरलाय, चुना नीट मुरला की नाही, हे बघत फिरायचं. वास्तूचा मालक देश, आणि झाडून-पुसून ठेवणारा गडी मी. या कामात कौतुक होत नाही, कारण काम चांगलं झालं तर ते दिसतच नाही.

शेवटची नेमणूक आपल्या जिल्ह्यात मिळाली म्हणून मी खूश होतो. जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरात राहणाऱ्या माझ्या साळ्याला मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, की सानगडीच्या पुढे एका घराला राष्ट्रीय स्मारक करायचंय आणि ते काम माझ्याकडे आलंय. त्याने विचारलं, कोणाचं घर? मी म्हटलं, कापगत्यांचं, शेती करतात. तो बराच वेळ हसला. म्हणाला, "भाऊजी, आमच्या क्वार्टरलेबी लावा मंग एखादा बोर्ड."

त्याचं हसणं मी समजू शकतो. पण आमच्या खात्यात एका बैठकीत कोणीतरी साधा प्रश्न विचारला होता. राजांचे महाल आपण सांभाळले, देवांची देवळं सांभाळली. ज्यांनी तलाव बांधले आणि या भागाला भात खाऊ घातला, त्यांचं एक तरी घर आपण सांभाळलंय का? मग शोध सुरू झाला. पाळटोलीला सगळं एका जागी मिळालं. वर तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध. त्या पाळीतली दगडी तुडुम, म्हणजे शेतात पाणी सोडायची झडप. पाळीच्या खाली घर, कोठा, धान साठवायचे बांबूचे उंच ढोले आणि मोठं सारवलेलं अंगण. पिढ्यान्पिढ्या वापरात राहिल्यामुळे त्यातलं काहीच मोडलं नव्हतं.

स्मारक करायचं म्हणजे आधी सरकारी सूचना निघते आणि ती गावात चिकटवतात. कोणाची हरकत असेल तर दोन महिन्यांत सांगायची. आमची सूचना ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली आणि संध्याकाळपर्यंत गावात बातम्या फिरू लागल्या. कोणी म्हणालं गाव उठवणार. कोणी म्हणालं तलावात मासे धरायला पास लागणार. एकाने तर शेण टाकायलासुद्धा दिल्लीची परवानगी लागेल असं सांगितलं. खरं सांगायचं तर हे शेवटचं पुढे जवळजवळ खरं ठरलं.

ग्रामसभा भरली. सरपंच नंदाताई चांगल्या खमक्या बाई होत्या. त्यांनी मला सतरंजीवर सगळ्यांच्या मधोमध बसवलं आणि म्हणाल्या, गोडगोड सांगू नका, तोटा काय होईल तेच आधी सांगा. मी सांगितलं. स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवीन बांधकाम करता येत नाही. जुनं घर दुरुस्त करता येतं, पण परवानगी घेऊन. मग फकिराभाऊ उभे राहिले. त्यांचं घर कापगत्यांच्या घराच्या मागेच होतं आणि त्यांना नुकतंच सरकारी घरकुल मंजूर झालं होतं. त्यांनी विचारलं, "म्हंजे त्यायचं घर जुनं म्हनून राहीन, आन् माह्यं पडकं म्हनून?"

पुढे नंदाताईंनी आणि मी खेटे घालून बाकीच्यांच्या दुरुस्त्यांच्या परवानग्या आणल्या. फकिराभाऊंना मात्र गावाच्या दुसऱ्या टोकाला पंचायतीची जागा घ्यावी लागली. घर पक्कं झालं, पण त्यांचं शेत आणि बैल लांब पडले. माझ्या कामाची किंमत त्या माणसाने मोजली, हे मी विसरलेलो नाही. भेटले की ते रामराम करायचे आणि पुढे जायचे. पूर्वी थांबायचे.

घराचे मालक तुळशीरामभाऊ कापगते. बोलायला कमी, ऐकायला जास्त. त्यांच्या पत्नी वत्सलाबाई नेमक्या उलट. त्यांची मुलगी करुणा साकोलीला एका दवाखान्यात नर्स. करार असा झाला की मालकी त्यांचीच राहील, ते मागच्या भागात राहतील, पुढचा भाग, अंगण आणि ढोले लोकांना बघायला खुले राहतील, आणि घराची देखभाल खातं करेल. कोठ्यात म्हशी बांधायच्या की नाही यावर बरीच चर्चा झाली. वत्सलाबाईंनी म्हशींशिवाय सही करणार नाही असं सांगितलं. म्हशी राहिल्या.

निळा बोर्ड लागला, फाटक लागलं आणि माझ्या नोकरीतला सगळ्यात विचित्र काळ सुरू झाला. दगडी वास्तूंचा आमचा मूळ नियम म्हणजे जशी आहे तशी ठेवा, हात लावू नका. मातीच्या घराचं उलटं असतं. त्याला हात लावणं थांबवलं की ते खचायला लागतं. अंगण सारवावं लागतं, भिंती लिंपाव्या लागतात, दर उन्हाळ्यात कवेलू उतरवून फेरावी, म्हणजे पुन्हा रचावी लागतात. कापगत्यांकडे हे सणावाराच्या हिशोबाने आपोआप व्हायचं. आता घर सरकारी देखभालीत आलं, म्हणजे प्रत्येक गोष्ट कागदावर आली. सारवणाला मी फाइलमध्ये 'पारंपरिक पृष्ठभाग संवर्धन' असं नाव दिलं. लेखा विभागाने विचारलं, यासाठी लागणारं साहित्य कोणतं? मी लिहिलं, शेण. उत्तर आलं की तीन ठिकाणांहून दरपत्रकं मागवा.

मी ते पत्र वत्सलाबाईंना वाचून दाखवलं. त्या पदराने डोळे पुसेपर्यंत हसल्या. म्हणाल्या, "आमच्या तीन म्हशी हायेत न साहेब. एकेकीकून लिहून घ्या."

पाहुण्यांचेही नाना प्रकार. एक गृहस्थ ढोल्यांवर टिचक्या मारत फिरायचे, आत धन असेल म्हणून. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी यायची आणि म्हशींना बाजूला घ्या म्हणायची. मग मोबाईलवर व्हिडिओ टाकणारा एक तरुण आला. त्याने तुडुम पाहिली, आत वाकून कॅमेरा धरला आणि जाहीर केलं की हे गुप्त भुयार असून थेट सानगडीच्या किल्ल्यात निघतं. पुढच्या रविवारी गावात गाड्या लावायला जागा उरली नाही. सगळ्यांना भुयार बघायचं होतं. आधी मी चिडलो, नंतर ठरवलं की आलेत तर येऊ द्या. तुडुमीजवळ घेऊन जायचो आणि सांगायचो, भुयार आहे, पण त्यातून राजा पळत नव्हता, पाणी जात होतं. आणि ते जिथे निघतं तिथे तुम्ही दुपारी जेवलात तो भात पिकतो. काही जण हिरमुसायचे. पण मुलं पाणी कसं सोडतात ते पुन्हा पुन्हा विचारायची.

असं सगळं रुळत असताना करुणाचं लग्न ठरलं. मुलगा अड्याळकडचा, शिक्षक. तारीख वैशाखातली. तुळशीरामभाऊ मला पत्रिका द्यायला आले आणि सहज म्हणाले की मांडव अंगणातच घालणार. संरक्षित स्मारकात समारंभ करायला बंदी असते, आणि ती बंदी मोडायला कोणी निघालंच तर त्याला अडवायचं काम माझं. मी त्यांना तसं सांगितलं. शाळेचं पटांगण घ्या, मी स्वतः तिथली व्यवस्था बघतो, असंही म्हणालो. ते पत्रिका ठेवून उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाला आतून कुलूप होतं. बाहेर पाहुणे उभे आणि आत वत्सलाबाई नेहमीसारखा सडा टाकत होत्या. मी हाक मारली. त्या फाटकापर्यंत आल्या, पण कुलूप काढलं नाही. शांतपणे बोलल्या. आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

"साहेब, तुमी हे घर वाचवाले आले होते न? या घरच्या साऱ्या पोरी या आंगनातून गेल्या. मी सून होऊन आली, तं पयले याच आंगनात पाय ठेवला. आता माह्या पोरीचं लगन इथं नाई होत, तं मंग तुमी वाचवलं काय? मातीच्या भिती?"

मी पाहुण्यांना आज स्मारक बंद आहे असं सांगून परत पाठवलं आणि पाळीवर जाऊन बसलो. त्या बाईंचं बरोबर होतं. नियमाचंही चूक नव्हतं, कारण एकदा सूट दिली की उद्या कोणीही पुढारी वाढदिवसाचा मांडव घेऊन येतो. असे प्रकार मी दुसरीकडे पाहिले होते. कापगत्यांनी करार मोडला असता तर स्मारक कागदावर राहिलं असतं, पण त्या घरात सारवायला कोणी उरलं नसतं. दोन-तीन पावसाळ्यांत तिथे मातीचा ढिगारा झाला असता.

घरी येऊन मी नियमावली पुन्हा वाचली. जी कलमं आपल्याला पाठ आहेत असं वाटतं, ती आपण वाचत नाही. समारंभाच्या बंदीखालीच एक ओळ होती, की त्या जागेच्या मान्य रूढीप्रमाणे चालत आलेल्या धार्मिक विधींना ही बंदी लागू नाही. ती ओळ देवळांसाठी, दर्ग्यांसाठी लिहिलेली असणार. पण तसं तिथे म्हटलेलं नव्हतं.

तुळशीरामभाऊंना घेऊन मी नागपूरला गेलो. तिथल्या आमच्या वरिष्ठ अधिकारी मॅडम मूळच्या ओडिशाच्या. मराठी त्यांना समजायची, बोलायच्या हिंदीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की घर म्हणजे देऊळ नव्हे, उद्या यावर प्रश्न आला तर मी काय सांगू? मी रूढी, परंपरा वगैरे बोलायला लागलो. त्यांनी मला हाताने थांबवलं आणि भाऊंना विचारलं, लग्न दुसरीकडे केलं तर काय बिघडेल?

भाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "बिघडनार काई नाई जी. लगन कुठीबी लागते. पन लगन झाल्यावर पोरगी माहेरी येते न, तं तिले घर पाह्यजे. तिच्या घरातून ती गेलीच नाई, तं वापस कुठी येईन?"

मॅडम कागद ओढून स्वतःच अटी लिहायला बसल्या. विधी अंगणात, जेवण आणि वाजंत्री बाहेर. कुठे खणायचं नाही, खिळा ठोकायचा नाही, आत चूल पेटवायची नाही, मोठा आवाज नाही. आणि भिंतीचं एक ढेकूळ जरी पडलं, तर जबाबदार मी. आम्ही निघताना त्यांनी भाऊंना सांगितलं की पत्रिका मलाही द्या.

पाळटोलीला आल्यावर लक्षात आलं की खणायचं नाही या अटीने मांडवच अडवलाय. खड्ड्याशिवाय मांडवाचे डांब उभे कसे राहणार? आम्ही वाळू भरलेल्या घमेल्यांत बांबू रोवून पाहिले. वरून जांभळाच्या डाहाळ्या टाकल्या की सगळं हळूच आडवं व्हायचं. दोनदा पडलं. सगळे हताश बसले असताना फकिराभाऊ पाळीवरून जात होते. ते थांबले. मांडवाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेले. मला वाटलं, मनात हसले असतील, आणि त्यांना तो हक्कही होता.

थोड्या वेळाने ते आपलं खाचर घेऊन आले, बैलगाडी. अंगणाच्या कोपऱ्यात गाडी लावली, बैल सोडले, चाकांना दगडांची उटी लावली आणि गाडीच्या साट्याला बांबू कचकचून बांधला. हलवून पाहिला, हलला नाही. मग मला म्हणाले, "तीन कोपरे बाकी हायेत. गावात खाचरं कमी हायेत का?"

दुपारपर्यंत अंगणाच्या चार कोपऱ्यांत चार गाड्या उभ्या होत्या आणि त्यांच्यावर हिरवागार मांडव तोलला होता. माझ्या हातून मोठमोठे लाकडी टेकू लागलेत, कमानी सावरल्या गेल्यात, पण असा मांडव मी कधी पाहिला नव्हता. फकिराभाऊ त्या दिवशी चहाला थांबले. शेत लांब पडल्याचं त्यांनी मला पुन्हा ऐकवलं, आणि मी ऐकलं.

लग्नाच्या दिवशी वरात आली ती भल्यामोठ्या भोंग्यांची डीजेची गाडी घेऊन. जुन्या मातीच्या भिंतीला त्या दणक्यांनी खरंच तडे जातात. मी गाडीसमोर जाऊन उभा राहिलो. नवरदेवाचे मामा तापले. आम्ही लग्नाला आलो की मयतीला, असं त्यांनी विचारलं. माणसं जमली, आवाज वाढायला लागला. तेवढ्यात करुणा, मुंडावळ्या बांधलेली, स्वतः फाटकापर्यंत आली. डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "मामाजी, भित पडली तं साहेबाची नोकरी जाईन. मंग ते आमच्याच घरी राहाले येतीन, आन् जेवाले लय लागते त्यायले."

मामांना हसू आवरेना. डीजे शाळेच्या पटांगणावर गेला, फाटकातून आत आली ती सनई आणि डफडी. मुलीकडच्या बायकांनी तलावातून पाण्याचे कलश आणले. मंगलाष्टकं सुरू असताना फाटकाबाहेर एक बस थांबली. माझा साळा जवाहरनगरच्या कॉलनीतल्या मंडळींना स्मारक दाखवायला घेऊन आला होता. आधी विचारायची त्याची पद्धतच नाही. मी काही बोलायच्या आत ती मंडळी आत येऊन शिस्तीत रांगेने उभी राहिली, अक्षताही टाकल्या. नंतर त्यांच्यातले एक निवृत्त फोरमन माझ्याजवळ आले आणि मनापासून म्हणाले, की सरकारी खात्याने इतका जिवंत कार्यक्रम बसवलेला मी आयुष्यात पाहिला नाही, आणि नवरीचं काम करणारी मुलगी तर फारच छान. पुढचा खेळ किती वाजता, असं त्यांनी विचारलं.

मी त्यांना शाळेच्या पटांगणावर जेवायला पाठवलं. साळ्यालाही पाठवलं. त्यानंतर तो मला बोर्डावरून कधी हसला नाही.

मॅडम संध्याकाळी आल्या. आधी त्यांनी चारही भिंतींवरून हात फिरवला आणि मगच मुलीला आहेर दिला. करुणा निघाली तेव्हा वत्सलाबाई रडल्या, तुळशीरामभाऊ कोठ्यात जाऊन म्हशींना विनाकारण चारा टाकत राहिले. मी चार गाड्यांचे दोर सोडण्यात लक्ष घातलं.

दिवाळीत फाटकावर नवीन सुरक्षारक्षक आला होता, एजन्सीकडून आलेला, बाहेरच्या जिल्ह्यातला, नियमाला पक्का. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी सूर्य पाळीमागे गेला होता आणि मी आत दिवसभराचं काम आवरत होतो. फाटकावर बोलणं ऐकू आलं म्हणून बाहेर आलो. हातात पिशव्या घेतलेली एक नवीन लग्न झालेली मुलगी उभी होती आणि रक्षक तिला समजावत होता की बाई, वेळ संपली, स्मारक आता उद्या सकाळी पाहायला मिळेल.

"मी पाहाले नाई आली, दादा," करुणा म्हणाली. "राहाले आली."

तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी स्वतः कडी काढली आणि त्याला सांगितलं की या घरच्या मुलींना इथे बंद व्हायची वेळ नाही. तो चांगला मुलगा होता, त्याने ते नियम म्हणूनच लक्षात ठेवलं. पुढे बदलून गेला तेव्हा त्याच्या जागी आलेल्याला त्याने बाकीच्या सूचनांबरोबर हीसुद्धा सांगितली. माझ्या खात्याच्या कुठल्याही पुस्तकात असा नियम नाही. पण पाळटोलीच्या फाटकावर तो अजून चालू आहे.